खिडकीवरून गेलेल्या दोन रेघा

त्या खोलीत दिवा लावायचा तर भिंतीवरच्या पुठ्ठ्याला पाडलेल्या भोकात बोट घालून आतलं बटण दाबावं लागे. भोक होतं नेमकं त्या वर्षाच्या तक्त्यात, ज्या वर्षी देशाची कागदाची निर्यात दाणकन आपटली होती. नवखा माणूस दारातून येणाऱ्या अर्धवट उजेडात भिंत चाचपडत राही. मग मागून आत येणारे दुरेघी शांतपणे सांगत, "लाल रेघ जिथे तोंडावर पडलीय ना, तिच्या वीतभर वर. हां, घाला बोट. चावत नाही."

दुरेघी हे काही त्यांचं नाव नव्हे. शाळेतल्या पोरांच्या वहीसारख्या दोन रेघा जन्मभर आखणारा माणूस म्हणून कचेरीतल्या टंकलेखक बाईंनी कधीतरी हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की पगाराच्या दिवशी खजिनदारही "अहो दुरेघी, सही" म्हणून हाक मारी. त्यांना राग येत नसे. राग येणाऱ्यांपैकी ते नव्हतेच. कोणी पायावर पाय दिला तर आपलाच पाय मध्ये आला म्हणून ओशाळणारी जी थोडी माणसं देवाने केली, त्यांतले ते एक.

कचेरी कागद कारखानदारांच्या संघाची. दुरेघींचं काम ऐकायला सोपं होतं. दर वर्षी आपल्या देशातून किती किमतीचा कागद आणि पुठ्ठा परदेशी गेला, आणि सीमेपलीकडच्या देशातून किती किमतीचा गेला, हे शेजारी शेजारी मांडायचं. आपली रेघ लाल, त्यांची निळी. दर वर्षाला एक उभा तक्ता, तोही संघाच्याच कारखान्यातल्या जाड पुठ्ठ्याचा. तो भिंतीला ठोकायचा, मागच्या वर्षाच्या तक्त्याला कापडी पट्टीने जोडायचा, आणि लाकडी घोड्यावर, म्हणजे उभ्या शिडीवर, चढून दोन्ही रेघा पुढे न्यायच्या. काढायचा कुठलाच नाही. संघाच्या सचिवांना, म्हणजे साहेबांना, पाहुण्यांचा हात धरून पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत चालत न्यायला फार आवडे.

बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय, दोन आकडे आणायचे आणि टिंबं जोडायची. पण दुरेघी घरी बायकोला समजावून सांगत, "अगं, एकीने दूध मापाने मोजलं आणि दुसरीने वजनाने, तर कोणाची म्हैस जास्त दुभती हे कसं ठरणार? त्यांचं वर्ष वेगळ्या महिन्यात सुरू होतं, आपलं वेगळ्या. त्यांचं चलन वेगळं, आपलं वेगळं. ते खोकी पुठ्ठ्यात धरतात, आपण मध्येच काही वर्षं धरली नाहीत. सगळं आधी एका मापात आणायचं, मग रेघ." आणि तेवढं करूनही फसगत व्हायची. कागदाचा भाव वाढला की माल कमी जाऊनही रेघ वर चढे, आणि आपलं चलन घसरलं की ढीगभर माल पाठवूनही रेघ मान टाके. भिंतीभर चालत गेलं तर सगळं दिसे. पलीकडच्यांनी नवी यंत्रं घेतली तिथे निळी रेघ कशी उसळली. लोकांनी पत्रं लिहिणं सोडलं तिथे दोन्ही रेघा कशा सुस्तावल्या. मग घरोघरी वस्तू खोक्यांतून यायला लागल्या आणि पुठ्ठ्याने दोघींनाही कसं हात धरून उठवलं. पण निळी कायम वर, लाल कायम खाली. कधी हातभर अंतर, कधी चार बोटं.

बायको हे सगळं ऐकून घेई आणि म्हणे, "माझ्या दोन सवती आहेत या. एक लाल साडीतली, एक निळ्या. दिवसभर त्यांच्याकडे बघता, आणि घरी येऊन त्यांचंच गाऱ्हाणं मला सांगता."

खिडकीची गोष्ट त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली. तेव्हा खोलीला एक मोठी खिडकी होती, बाहेर मोकळं मैदान, आणि दुरेघींचं टेबल खिडकीला लागून. दाराच्या डाव्या हातापासून निघालेले तक्ते सरकत सरकत खिडकीच्या चौकटीला येऊन टेकले. शिपायाने हातोडी थांबवली. "साहेब, खिडकी सोडून पलीकडून लावू?"

"आणि मधली वर्षं काय गाळायची?" साहेब म्हणाले. तेव्हा तेही तरुण होते, केस काळे होते आणि सगळ्या गोष्टींची घाई होती. "खिडकी आली म्हणून इतिहास थांबतो का?"

तक्ते अरुंद आखता आले असते, भिंतीवर दोन ओळींत लावता आले असते. हे दुरेघींच्या ओठांवर आलं होतं. पण नोकरी नवी, लग्न नवं. शिवाय पहिली रेघ ज्या मापाने आखली तेच माप शेवटपर्यंत, हा नियम त्यांनी स्वतःच मोठ्या हौसेने घातलेला. मग एक वर्ष खिडकीच्या कडेवर गेलं, दुसरं मधोमध, आणि असं करत करत सगळी खिडकी पुठ्ठ्याखाली गेली. प्रत्येक खिळा दुरेघींनी धरला, शिपायाने ठोकला. तेव्हापासून त्या खोलीत भर दुपारीही दिवा लागे. पुठ्ठ्याला ओलसर, आंबूस वास असतो. तो त्यांच्या सदऱ्यांत भिनला होता आणि कितीही धुतला तरी जात नसे.

त्यांना खरं तर हवी होती रोपवाटिका. कारखान्यांसाठी झाडं लावायची म्हणून संघाने शहराबाहेर एक रोपवाटिका चालवली होती. एकदा काही कामाने त्यांना तिथे पाठवलं होतं. तिथला कारभारी, ज्याला सगळे रोपवाले म्हणत, त्याने बोलता बोलता त्यांच्या हातात एक पिशवीतलं रोप दिलं आणि म्हणाला, "धरा जरा, मी पाणी सोडून येतो." तो चांगलाच वेळ आला नाही. दुरेघी रोप धरून उभे. वरून ऊन, खाली ओली माती, समोर हिरव्या ओळीच ओळी, आणि एकाही ओळीला दुसरीशी स्पर्धा नाही.  रात्री घरी जेवण झाल्यावर बायकोने कसं होतं म्हणून विचारलं तेव्हा म्हणाले, "तिथे कारभाऱ्याला राहायला दोन खोल्या आहेत. पुढे अंगण."

दुसऱ्या दिवशी बायको बाजारातून पत्र्याची झारी घेऊन आली. पाणी घालायला घरात एक कुंडीसुद्धा नव्हती. झारी कपाटावर जाऊन बसली, आणि बदली होईपर्यंत म्हणून तिच्यात कपड्यांचे चिमटे ठेवले गेले.

बदलीचा अर्ज घेऊन ते साहेबांकडे गेले तेव्हा वार्षिक सभा चालू होती आणि साहेब खुशीत होते. सगळ्यांसमोर त्यांच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "सोडतो की! ज्या वर्षी आपली लाल रेघ त्या निळीच्या डोक्यावर पाय देऊन वर जाईल, त्या वर्षी तुम्ही मोकळे. माझा शब्द."

सभा हसली. टंकलेखक बाई तर डोळ्यांतलं पाणी पुसेपर्यंत हसल्या. दुरेघी मात्र हसले नाहीत, कारण त्यांनी तो शब्द खरा धरला.

तेव्हापासून त्यांचं सगळं जगणं त्या दोन रेघांच्या मधल्या जागेत येऊन अडकलं. मुलगी मोठी झाली, शिकली, सासरी गेली. घरात रंग दोनदा लागला. ते रोज सकाळी अंघोळ करून देवापुढे हात जोडत आणि मागणं मागत. घरच्यांची तब्येत, मुलीचा संसार, आणि पुठ्ठा. इतक्या लोकांच्या इतक्या मागण्यांत हा पुठ्ठा कुठून आला, असं त्या परमेश्वरालाही वाटलं असेल. पण तो दयाळू, त्याने कधी हसून दाखवलं नाही.

एकदा मात्र त्यांचं मन घसरलं. पलीकडच्या देशात बंदरावर संप झाला, मालाची जहाजं अडकून पडली. दुरेघी त्या संध्याकाळी चक्क गुणगुणत घरी आले. बायकोने कारण विचारलं. त्यांनी सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिचा हात थांबला.

"तिकडे गोदीत काम करणाऱ्यांना बायकापोरं नसतात का हो?"

दुरेघी पानावर बसले आणि अर्धं जेवून उठले.  दुसऱ्या दिवशी देवापुढे त्यांनी मागणं दुरुस्त केलं: त्यांचं कमी नको करूस. आमचं थोडं जास्त कर. संप मिटला, निळी रेघ सावरली, आणि ते आपल्या घोड्यावरून उतरले. आता उतरताना गुडघा धरावा लागे, कारण रेघा वर चढत छताच्या जवळ गेल्या होत्या.

असं होता होता तक्ते तिन्ही भिंती फिरून परत दाराच्या उजव्या बाजूला आले. आता पुढे भिंत उरली नव्हती. त्याच वर्षी रोपवाल्यांचा निरोप आला. तो सांगायला ते स्वतःच आले, डोक्याला रुमाल, नखांत माती. "मी या वर्षी काम सोडतोय. माझ्या जागी कोण, ते साहेबांना ठरवायचंय. मी तुमचं नाव घातलंय कानावर. पण तुम्ही हललं पाहिजे. नाहीतर कोणाचा तरी भाचा येऊन बसेल आणि माझी रोपं वाळतील."

दुरेघींनी घरी सांगितलं.  स्टुलावर चढून बायकोने झारी खाली काढली, चिमटे एका डब्यात ओतले आणि झारी राखेने घासायला घेतली.

आणि देवाची लीला म्हणा की आणखी काही, त्याच आठवड्यात पलीकडच्या देशाचे आकडे आले. पूर्वी ते जाड पुस्तक होऊन टपालाने येत, आता संगणकाच्या पडद्यावर येत. दुरेघींनी ते मापात आणले. पुन्हा आणले. टंकलेखक बाईंकडून वाचून घेतले. बाई वाचता वाचता चष्मा काढून म्हणाल्या, "दुरेघी, अहो, हे... लाल वर आहे?"

"वर आहे."

"मग असे बसलात काय? उठा, सांगा साहेबांना!"

"कच्चे आहेत बाई. त्यांचे शेवटचे महिने अंदाजाने धरलेत. पक्के यायला वेळ आहे."

कच्चा आकडा तुटक रेघेने दाखवायचा आणि पक्का झाला की ती भरायची, हाही दुरेघींचाच नियम. घरी यावरून चांगलीच जुंपली.

"आखून टाका ना सरळ!" बायको म्हणाली. "कोण बघतंय तुटक की अखंड?"

"मी बघतोय ना."

"तुम्ही बघत बसा. मला त्या अंगणात म्हातारपण काढायचंय. एवढी वर्षं मी कधी काही मागितलं?"

तिने मागितलं नव्हतं, हे खरंच होतं.  दुरेघी म्हणाले, "खोटी रेघ आखून गेलो, तर तिथे प्रत्येक रोपाला पाणी घालताना मला ती दिसेल. मग ते अंगण कसलं?"

ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला, आणि मग आतूनच ती म्हणाली, "काढा मग तुटक. पण साहेबांना बोला तरी. तोंड दिलंय देवाने."

तक्ता कुठे लावायचा हा प्रश्न होताच. साहेबांनी तो पूर्वीसारखाच चुटकीसरशी सोडवला. "दारावर लावा. आतल्या बाजूने. दार बंद केलं की भिंतच ती." तक्ता लागल्यावर ते बघायला आले आणि त्यांनी वर पाहिलं. दुरेघींनी नुकतीच आखलेली लाल तुटक रेघ निळीला छेदून वर गेली होती.  आता साहेबांचे केस पांढरे होते. त्यांनी सगळ्या कचेरीला बोलावलं, चहा मागवला, शिपायालाही खुर्चीवर बसवलं.

दुरेघींनी कप खाली ठेवला. "साहेब, तुमचा शब्द होता. रोपवाटिकेची जागा..."

"तुटक आहे ना अजून?" साहेब हसले. "तुमचाच नियम. पक्की होऊ द्या. तुटक रेघेवर मी सही कशी करू?"

 रोपवाल्यांना निरोप गेला, जरा थांबा. तो भला माणूस थांबला. दुरेघी रोज पडदा उघडून बघत. घरी झारी लख्ख घासलेली, दाराजवळ ठेवलेली. येताजाता दोघांच्याही पायाला लागे, पण उचलून ठेवायचं दोघांच्याही मनात येईना.

पक्के आकडे आले. अंतर कमी झालं होतं, बोटभर उरलं होतं. पण लाल वरच होती. दुरेघींनी दार बंद केलं, घोडा लावला आणि तुटक रेघ भरत आणली.  खाली उतरले आणि तसेच साहेबांच्या खोलीत गेले.

"पक्की झाली."

साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं. असं सहसा होत नसे. "दुरेघी, पुढच्या महिन्यात सगळ्या कारखान्यांचे मालक येणार आहेत. नंतर सरकारी खात्याचे लोक. इतकी वर्षं मी लोकांना ती भिंत दाखवतोय आणि शेवटी मान खाली घालतोय. आता कुठे दाखवण्यासारखी झाली. आणि तुम्ही आत्ता जाता म्हणता?"

"तुमचा शब्द होता, साहेब."

"अहो, ती गंमत होती!" साहेब खरोखरच आश्चर्याने म्हणाले. "सभेत माणूस काहीतरी बोलतो. तुम्ही ते अजून धरून बसलात?" मग दुरेघींचा चेहरा पाहून ते जरा मऊ झाले. "रेघ वर गेली म्हणून भागतं का? आता ती वर राहिली पाहिजे. तुमच्यासारखा हात कुठून आणू मी? माझी शेवटची दोन वर्षं उरलीत. तेवढी काढा माझ्याबरोबर. मग बघू."

दुरेघींना त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं, की खाली असताना रेघ वर जायची होती म्हणून ते हवे होते, आणि वर गेल्यावर ती वर राहायची आहे म्हणून ते हवे आहेत. कागद खपो न खपो, पलीकडे संप होवो न होवो, त्यांच्या सुटकेशी त्याचा कधीच काही संबंध नव्हता. इतकी वर्षं त्यांनी देवाकडे भलतीच वस्तू मागितली होती. मागायला हवी होती ती समोर बसलेल्या माणसाच्या मनात थोडी जागा. तीही आता मागून झाली होती.

"बरं," ते म्हणाले. त्यांना दुसरं काही म्हणता येत नसे.

रोपवाटिकेत कोणाचा तरी भाचा आला. रोपवाले जाताना एक रोप पिशवीत घालून पाठवून गेले, निरोप न देता. बायकोने ते पाहिलं, दुरेघींकडे पाहिलं. तिला वाटलं होतं आपण पुष्कळ बोलू, पण तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "हात धुवा, जेवायला वाढते." कुंडी नव्हतीच. तिने झारीच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली, माती भरली, आणि रोप तिच्यात लावून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं.

पाहुणे आले. साहेबांनी पहिल्या वर्षापासून हात धरून त्यांना चालवलं, बटणाच्या भोकाची गंमत सांगितली, खिडकीवरून नेलं, आणि शेवटी दारापाशी आणलं. पण दार उघडं असलं की शेवटचा तक्ता भिंतीपासून सुटा होऊन पलीकडे जाई. दोन्ही रेघा चौकटीपाशी येऊन एकदम संपत, आणि कोण वर गेलं ते कळत नसे.

"दुरेघी, दार लावा," साहेब म्हणत.

दुरेघी दार लावत. रेघा जुळत. पाहुणे वा वा म्हणत. आत सगळे उभे, वर दिवा, आणि पुठ्ठ्याचा तो ओलसर वास. महिन्यातून कितीदा तरी हे होऊ लागलं. मग पाहुणे नसतानाही साहेबांना दार लावलेलं आवडू लागलं. जाता येता ते बाहेरून ओढून घेत.

एका दुपारी साहेब परगावी गेले होते. टंकलेखक बाई कागद घेऊन आल्या तर दार सताड उघडं, त्याला खालून घोडा अडकवलेला. समोरच्या व्हरांड्यातून वारा येत होता आणि जुन्या वर्षांच्या कापडी पट्ट्या फडफडत होत्या. दुरेघी आपली खुर्ची उचलून उंबऱ्यात बसले होते, अर्धे आत, अर्धे बाहेर. मांडीवर पुढच्या वर्षाचा कोरा तक्ता.

"अहो, तुमची रेघ तुटलीय," बाई म्हणाल्या.

"असू दे," दुरेघी म्हणाले. "साहेब आले की लावतो."

आणि ते तिथेच बसून तक्त्याच्या कडा मोजून कापू लागले. तो कुठे लावायचा, हे अजून कोणी ठरवलं नव्हतं.